मालिकेतली साडी, मालिकेतलं मंगळसूत्र: तुम्ही नेटवर काय लिहून शोधता?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. आईसाठी साडी शोधतेय आणि तीन आठवडे झाले तरी सापडत नाहीये. रात्रीच्या एका मालिकेत थोरल्या जावेने नेसली होती. मोरपिशी अंग, बारीक चौकडी, लाल पदर. आईला तश्शीच हवी आहे. पंचाहत्तरीला मी विचारलं काय हवंय, तर आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःहून काहीतरी मागितलं. त्यामुळे मला ती मिळवायचीच आहे.

मी काय केलं, तर मालिकेचं नाव, त्या पात्राचं नाव आणि पुढे 'साडी' असं लिहून शोधलं. ढिगाने साड्या आल्या. त्यातली एक ७९९ रुपयांची मागवली. फोटोत हुबेहूब होती. पार्सल उघडलं तर चौकडी विणलेली नव्हतीच, छापलेली होती. पदराचा लाल रंगही छापलेला, उलट्या बाजूने पांढुरका. आईने हात फिरवला, "छान आहे गं" म्हणाली आणि घडी करून ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं.

त्यावरून विचारावंसं वाटलं. टीव्हीवर बघून तुम्ही कपडे-दागिने शोधता का? काय शब्द लिहिता? आणि हातात येतं ते पडद्यावरचं असतं का?

अनघा_ना
शोधते! आणि मी एकटी नाही. आमच्या भिशीत रात्री साडेआठ ते दहा ग्रुपवर शांतता असते. दहा वाजून पाच मिनिटांनी टीव्हीचे फोटो यायला लागतात, कोपऱ्यात वाहिनीचा लोगो, अर्ध्या फोटोत ट्यूबलाइटचा उजेड. "हे कानातले कुठे मिळतील?"

न्यूजर्सीची_नलू
जान्हवीचं मंगळसूत्र आठवतंय का कुणाला? 'होणार सून मी ह्या घरची' २०१३ ला सुरू झाली. आम्ही इथे दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरनेटवर बघायचो. न्यूजर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत २०१४ ला निदान सहा गळ्यांत ते होतं. माझं आईने पुण्याहून येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवलं. एक ग्रॅमचं, डबीला चिकटपट्टीचे चार वेढे. माझं खरं मंगळसूत्र सोन्याचं, आजेसासूबाईंच्या वाट्या त्यात. ते लॉकरमध्ये, आणि गळ्यात जान्हवीचं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ओळखलं आणि म्हणाल्या, "मलाही एक आण."

तेव्हा इथून शोधून काही मिळायचं नाही. आता पुण्या-कोल्हापुरातल्या घरगुती विक्रेत्या थेट पाठवतात. पण २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी बंद केली, त्यामुळे छोट्या पार्सलांवरही शुल्क बसायला लागलं. पुन्हा शेजाऱ्यांच्या बॅगेवर आलोय.

तुळशीबागकर
नलूताई, त्या मंगळसूत्रावर आमच्यासारख्यांच्या दोन दिवाळ्या निघाल्या. माझं दुकान म्हणजे सहा बाय आठ, इमिटेशन दागिने. २०१३ च्या आधी बायका येऊन सांगायच्या, "लांब मंगळसूत्र दाखवा, दोन वाट्यांचं." नंतर एकच शब्द, "जान्हवी आहे का?" आम्हीही पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'जान्हवी' लिहून टाकलं. मग 'जय मल्हार' आली २०१४ ला, तेव्हा 'बानू नथ'. मालिका २०१७ ला संपली, नथीचं नाव अजून चालू आहे. ज्या मुली मालिका चालू असताना शाळेत होत्या त्या आता लग्नासाठी बानू नथ मागतात. बानू कोण ते त्यांना सांगावं लागतं.

आता ऑनलाइनही विकतो. तिथे नाव म्हणजेच दुकानाची पाटी. नुसतं 'मोत्यांची नथ' लिहिलं तर कुणी येत नाही.

ज्येष्ठा
हे मला खुपतं, दादा. राग मानू नका. प्रत्येक दागिन्याला आपल्याकडे स्वतःचं नाव आहे. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ. नावातच घडण आहे. बोरमाळेचे मणी बोरासारखे, पुतळीवर ठसा. नाव ऐकलं की डोळ्यांपुढे दागिना उभा राहतो. पात्राच्या नावातून काय उभं राहतं? नटीचा चेहरा. मालिका संपली, चेहरा विसरला, की दागिना बिननावाचा.

माझ्या नातीने परवा मला वज्रटीक दाखवून विचारलं, "आजी, हा त्या सिरियलमधला चोकर ना?" मी तिला जवळ बसवून कपाटातली माझी वज्रटीक दाखवली. मखमलीची पट्टी, त्यावर ओळीने शिवलेले मणी, मागे गोंडा. मखमल दोनदा बदलली आहे, मणी माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचे.

सदानंद_को
ज्येष्ठाताई, तुमचं दुःख कळतं, पण दुसरी बाजू मांडतो. आमच्या घरात कोल्हापुरात तीन पिढ्या दागिन्यांचं काम. नव्वदच्या दशकात साज, ठुशी, चिंचपेटी घेऊन लोक यायचे ते मोडायला. "जुनाट दिसतं, वितळवा आणि चेन करा." मी स्वतः वडिलांच्या शेजारी बसून साजाची पानडी मुशीत जाताना बघितली आहेत. पुढे ऐतिहासिक आणि पौराणिक मालिका आल्या आणि तीच माणसं फोटो घेऊन परत आली, "असं करून द्या." जी घडण शिकायला कुणी तयार नव्हतं तिला गिऱ्हाईक मिळालं. नाव चुकीचं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बरोबर नाव सांगायला मला दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाईकच आलं नाही तर नाव सांगू कुणाला?

येवलेकर
सदानंदरावांना पूर्ण अनुमोदन. पैठणीचं उदाहरण घ्या. 'होम मिनिस्टर' २००४ ला सुरू झालं. संध्याकाळी घराघरात पैठणी, तीही मध्यमवर्गीय वहिनींच्या खांद्यावर. त्याआधी पैठणी म्हणजे लग्नात एकदा, नाहीतर आजीच्या पेटीत. २०२२ ला तर त्यांनी महामिनिस्टर करून ११ लाखांची पैठणी दिली. आमच्याकडे येवल्यात त्यानंतर कितीतरी दिवस पर्यटक येऊन विचारायचे, "ती अकरा लाखवाली कशी असते?" घ्यायची नव्हती कुणालाच, पण माग बघायला बसायचे. बसले की एखादी साधी नारळी काठाची घेऊन जायचे.

पण ऑनलाइन शोधात 'पैठणी' या शब्दाखाली काय काय विकलं जातं ते बघून पोटात तुटतं. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी १२०० रुपयांत 'शुद्ध पैठणी' लिहिलेलं असतं. एकच सांगतो, पदर उलटा करून बघा. हातमागावर नक्षी प्रत्येक रंगाच्या वेगळ्या कांडीने भरतात, त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या पैठणीत मागे आडवे सुटे धागे असतात किंवा कापलेल्या धाग्यांची केसाळ पाठ. विक्रेत्याकडे उलट्या बाजूचा फोटो मागा. टाळाटाळ केली तर पुढे जा.

मिहिका१९
मी मालिका टीव्हीवर बघतच नाही, आई बघते. पण त्यातले तुकडे मला रील्समध्ये दिसतात, मग ती साडी/झुमके सेव्ह करते. कोरियन मालिकांमधले स्वेटर्सही असेच शोधले आहेत. शब्द लिहीत नाही, फोटो टाकते. लेन्स आहे ना!

आकडेमोड
मिहिका, तुझ्या मुद्द्यातच मृद्गंध यांच्या छापील साडीचं कारण आहे. माझं काम या क्षेत्रातलं, म्हणून जरा सविस्तर.

फोटोवरून शोधणारी साधनं, गूगल लेन्स २०१७ ला आलं, रंग-आकार-नक्षी यांचं साम्य बघतात. मोरपिशी, चौकडी, लाल टोक. यात विणलेलं आणि छापलेलं सारखंच. किंबहुना छापील साडी जास्त 'सारखी' निघते, कारण पुष्कळदा ती पडद्यावरचा फोटो समोर ठेवूनच छापलेली असते. विणकराची खरी साडी थोडी वेगळी दिसते, म्हणून मागे पडते.

शब्दांनी शोधलं तरी तेच. पात्राचं नाव लिहिलं की ज्यांनी ते नाव आपल्या मालाला चिकटवलंय तेच येणार. आणि पात्राचं नाव चिकटवायची घाई कुणाला असते? दोन महिन्यांत माल संपवायचा आहे त्याला. सोलापूरच्या पेढीवाल्याला मालिकेचं नावही माहीत नसतं. तो साडीला तिच्या नावाने हाक मारतो.

कुणाला गंमत करायची असेल तर गूगल ट्रेंड्सवर दागिन्यांची नावं घालून बघा. तिथे किती लोकांनी शोधलं तो आकडा मिळत नाही. शोध ज्या वेळी सगळ्यात जास्त होता त्याला १०० धरून बाकीचं त्या तुलनेत दाखवतात. पण मराठी शब्द आपण निम्मे देवनागरीत, निम्मे रोमन लिपीत चार स्पेलिंगांनी लिहितो, त्यामुळे एकाच नथीचे पाच तुकडे होतात. 'वज्रटीक'सारख्या शब्दाला तर अनेकदा पुरेशी माहितीच नाही असं उत्तर येतं.

ज्येष्ठा
म्हणजे आपणच तो शब्द लिहीत नाही, म्हणून तो दिसत नाही?

आकडेमोड
होय, काकू. अगदी तेच. शिवाय मोठ्या खरेदीच्या अ‍ॅप्सवर मराठी आली तीच मुळात २०२०-२१ च्या सुमारास. तोवर 'ठुशी' शोधायची तर इंग्रजी अक्षरांत, नाहीतर 'चोकर' म्हणून.

पडद्यामागे
मी मालिकांच्या वेशभूषा विभागात सहायक म्हणून सात वर्षं काम केलं. आता सोडलं. दोन-तीन गोष्टी सांगते, कुणाच्या खरेदीला उपयोग होईल.

पडद्यावर साडीचा जो रंग दिसतो तो तिचा रंग नसतो. दिवे, कॅमेरा आणि नंतरचं रंगकाम यांतून गेलेला असतो. गडद वांगी बऱ्याचदा जांभळी दिसते. अगदी बारीक रेघांचं कापड आम्ही टाळायचो, कॅमेऱ्यावर ते थरथरतं. कडक पांढरंही टाळायचो. म्हणजे तुम्ही 'तश्शीच' म्हणून जे शोधताय तसं काही दुकानात नसतंच.

दागिने हलके असतात याचं एक कारण पैसे, दुसरं कारण आवाज. माइक छातीशी लावलेला असतो. मंगळसूत्र त्यावर घासलं की संवादात खरखर येते. आमचे ध्वनिमुद्रक दर दृश्याआधी ओरडायचे, "बांगड्या!" मग मी हिरव्या बांगड्यांमध्ये पारदर्शक चिकटपट्टी लावून त्या गप्प करायची. लग्नाच्या प्रसंगाला एका हाताला वीस मिनिटं. लोकांना ती घरंदाज बांगड्यांची शोभा दिसायची. मला अजून ती चिकटपट्टी आठवते.

आणि मालिकेतला एक दिवस आठवडाभर चालतो, म्हणून तीच साडी सलग पाच-सहा भाग दिसते. एखादी साडी लोकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसते त्याचं हेच कारण. दुकानात आपण साडी पाच मिनिटं बघतो. इथे आठवडाभर रोज वीस मिनिटं.

अनघा_ना
बाई गं! बांगड्यांना चिकटपट्टी! मी आता दर दृश्यात मनगटंच बघत बसणार.

तुळशीबागकर
ताई, हे वाचून मला एक कोडं सुटलं. गिऱ्हाईक म्हणतं, "टीव्हीत वाजत नाहीत, तुमच्या फार वाजतात."

कावेरी_सोलापूर
थोडं अवांतर. मालिकांमुळे हळदीकुंकवाला काय नेसायचं याची पातळी फार वर गेली आहे. घरात भाजी निवडतानाही पडद्यावर जरीकाठ. आमच्या गल्लीत संक्रांतीला आता 'थीम' असते. गेल्या वर्षी सगळ्यांनी खणाच्या साड्या नेसायच्या ठरल्या. ज्या दोघींना परवडत नव्हतं त्या "माहेरी जायचंय" म्हणून आल्याच नाहीत. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि वाण घेऊन मी त्यांच्या घरी गेले. यंदा मीच आधी सांगून टाकलं की कपाटातली कुठलीही नेसून या. सगळ्या आल्या.

आणि खण! आमच्या लहानपणी खण म्हणजे चोळीचं कापड, अरुंद पन्ह्याचं, ओटीत घालायला त्रिकोणी घडीचं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून यायचे. साडीएवढ्या पन्ह्याचा खण ही अगदी अलीकडची गोष्ट. बहुतेक यंत्रमागाचा. वाईट नाही, पण हातमागाचा म्हणून तिप्पट पैसे देऊ नका.

अनघा_ना
कावेरीताई, वाण घेऊन गेलात हे फार आवडलं.

मिहिका१९
आमच्या कॉलेजात ट्रॅडिशनल डेला शिवलेली नऊवारी. पाच मिनिटांत घालून होते, पँटसारखी. आजीने बघितली आणि म्हणाली, चल तुला खरी नेसवते. चाळीस मिनिटं लागली. पण दिवसभर सुटली नाही!

सदानंद_को
मृद्गंधताई, ७९९ परत मिळाले का? फोटोत विणलेली दाखवून छापील पाठवली म्हणजे वर्णनाप्रमाणे वस्तू दिली नाही. विक्रेत्याने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असला तर बरं. माझ्या बहिणीला चांदीच्या पैंजणाच्या बाबतीत याचा उपयोग झाला होता.

मृद्गंध
धन्यवाद, सदानंददादा. परत करायची मुदत आठ दिवसांची होती, आणि आई "राहू दे" म्हणाली म्हणून मी पाठवलीच नाही. पण हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवला.

एवढ्या प्रतिसादांनंतर माझ्या लक्षात आलं की मी फक्त मालिकेच्याच नावाने शोधत होते. त्या साडीचं खरं नाव काय असेल? फोटो इथे टाकते, टीव्हीवरूनच काढलाय.

येवलेकर
पैठणी नाही हे नक्की. चौकडीवरून नारायणपेठ वाटते.

कावेरी_सोलापूर
येवलेकरदादा, मलाही आधी तसंच वाटलं. पण पदर मोठा करून बघा. लाल पदरावर पांढऱ्या उभ्या दातांसारखी नक्षी आहे, फणीसारखी. तो टोपपदर. मृद्गंध, ही इरकल आहे! बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. गुळेदगुड्डही त्याच जिल्ह्यात, म्हणून आमच्याकडे इरकली लुगडं आणि खणाची चोळी ही जोडीच असायची.

खरी ओळखायची खूण सांगते. अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि दोन्ही धागा-धागा एकमेकांत अडकवून जोडतात. कोंडी म्हणतात त्याला. अंग संपून पदर सुरू होतो त्या रेषेवर बोट फिरवलं तर ती जोडाची ओळ हाताला लागते. छापील साडीत ती कुठून येणार?

पडद्यामागे
बरोबर, इरकलच. मोरपिशी मात्र जरा सांभाळून घ्या. प्रत्यक्षात ती हिरव्याकडे झुकणारी असेल. दिव्यांनी निळी केली आहे.

आकडेमोड
आता 'इरकल टोपपदर चौकडी' असं लिहून शोधा आणि पहिल्या पाच निकालांत काय फरक पडतो ते इथे सांगा. मला फार उत्सुकता आहे.

मृद्गंध
(चार दिवसांनी) मंडळी, वृत्तांत द्यायला आले आहे.

आकडेमोड, फरक आहे. पहिल्या पानावर अजूनही छापील आहेत, पण तिसरा निकाल एका पेढीचा निघाला. खाली फोन नंबर होता. फोन केला तर एक आजोबा बोलले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पदर रेशमी पाहिजे का सुती?" तीन आठवड्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चार साड्यांचे फोटो पाठवले, उलट्या बाजूचेही, न मागता.

फोटो दाखवायला आईकडे गेले. म्हटलं, "आई, या साडीला इरकल म्हणतात." आई म्हणाली, "हो मग. इरकलच आहे ती. माझ्या आईच्या दोन होत्या. ती गेल्यावर मामींनी बोहारणीला दिल्या." मी विचारलं, मग मला नाव का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू विचारलंस कुठं? तू मालिकेचं नाव विचारलंस, ते मी सांगितलं."

मग ती तासभर बोलत बसली. आजीच्या साड्या, एक हिरवी, एक काळी. काळी संक्रांतीची. मालिकेत ती थोरली जाऊ तुळशीला पाणी घालायला वाकते तेव्हा पदर असा पुढे येतो, आणि आईला तिची आई दिसली होती. मला हे माहीतच नव्हतं.

साडी २८५० रुपयांना पडली. काल आली. कोंडीच्या रेषेवर आईनेच आधी बोट फिरवलं.

ज्येष्ठा
वाचताना डोळे भरून आले गं. आईंना माझा नमस्कार सांग.

न्यूजर्सीची_नलू
त्या आजोबांचा नंबर निरोपातून पाठवशील का? शेजारी डिसेंबरात येणार आहेत.

मृद्गंध
पाठवते, नलूताई. आता एकच प्रश्न उरलाय. ब्लाउजला खण घेऊ की साडीबरोबर आलेलंच कापड शिवू?

कावेरी_सोलापूर
खण. आणि रंग तू ठरवू नकोस, आईंना विचार.